दोन खांब अलीकडे

थोरली शेवटची टेकडी चढता चढता दमली, माथ्याच्या हातभर खाली क्षणभर थांबली आणि आल्या पावली परत घरंगळली. दोन टेकड्यांमधल्या खोलगटात चारपाच वेळा पुढेमागे झाली आणि गप्प बसली. तीन डब्यांत मिळून सहा माणसं आणि वाळूची बावीस पोती होती. पोत्यांनी काही म्हटलं नाही. माणसांनीही नाही.

गाडीला घरात थोरली म्हणत. आप्पांनी ही लाकडी डोंगरगाडी पार्कात उभी केली आणि पुढच्याच वर्षी त्यांना पहिली मुलगी झाली. थोरली कोण याबद्दल आप्पांच्या मनात शंकाच नव्हती, त्यामुळे मुलीचं नाव पडलं धाकटी. पाठीवर दोन भाऊ झाले तरी ती धाकटीच राहिली. आता अडुसष्टाव्या वर्षी ती पहिल्या डब्यात तपासनीस बाईंच्या शेजारी बसली होती, काठी दोन पायांमध्ये उभी धरून, आणि गाडी थांबली हा आपलाच अपमान असल्यासारखी समोर बघत होती.

"मिस्त्री!" तिने फलाटाच्या दिशेने हाक मारली. "ओढून घ्या आम्हाला."

मिस्त्री कठड्यापाशी आला. "चरखीचा दोर जुना झालाय, धाकट्या आत्या. इतकं वजन ओढायचं तर बदलूनच घेतो. अर्धापाऊण तास लागेल."

"इतकी वर्षं तो दोर लागला नव्हता," धाकटी तपासनीस बाईंना म्हणाली. "म्हणून जुना झाला."

बाईंनी मांडीवरच्या कागदावर वेळ लिहिली आणि पेन टोपण न लावता हातातच ठेवलं.

मधल्या डब्यात ब्रेकचा दांडा होता. या गाडीला दुसरा मेंदू नाही. एक माणूस मधल्या डब्यात बसतो आणि उतारावर हाताने दांडा दाबून गाडीचा वेग आवरतो. आप्पांनी सव्वीस वर्षं दाबला, मग भाऊने, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाने, बेचाळीस. तीन महिन्यांपूर्वी भाऊ कानांच्या तपासणीत नापास झाला. पार्कवाले वाईट माणसं नव्हती, त्यांचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या हंगामाला दाखला मिळालेला ब्रेकवाला असेल तर गाडी चालेल. नसेल तर या हंगामाची शेवटची फेरी झाली की ती खोलून उतरवू. तेव्हा आज दांड्यावर भाऊची मुलगी होती. ती शहरात इमारतींच्या लिफ्ट तपासायची, म्हणून घरात तिला लिफ्टवाली म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांना दाखले देणारी ही पोरगी आज स्वतः परीक्षेला बसली होती, आणि तिची गाडी खड्ड्यात होती.

"मी पट्ट्यावरच दाबला," ती म्हणाली. हात अजून दांड्यावरच होता.

"पाहिलं मी," तपासनीस बाई मान वळवून म्हणाल्या. "आप्पांच्या नियमात लिहिलंय, मोठ्या उतारावर पांढरा पट्टा दिसताच दाबावा. तुम्ही तसाच दाबलात."

"मग नापास कशी?"

"नापास मी म्हटलेलं नाही. गाडी फलाटावर पोचली नाही, एवढं लिहिलंय. कारणाचा रकाना अजून रिकामा आहे." बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "पण तुम्ही नियमाप्रमाणे दाबूनही गाडी टेकडी चढली नाही, म्हणजे गाडीतच काही राहिलं नाही. चाकं जड झाली असतील, लाकूड बसलं असेल. मग मला 'गाडीची स्थिती' असं लिहावं लागेल. आणि तसं लिहिलं, की दांड्यावर कोण बसणार हा प्रश्नच उरत नाही."

लिफ्टवालीने वडिलांकडे पाहिलं. भाऊ तिच्या शेजारी दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता. चाचणीत शिकवणाऱ्याने तोंडाने किंवा हाताने मदत करायची नाही असा दंडक होता. तोंडाची त्याला खात्री होती, हातांची नव्हती, म्हणून ते त्याने स्वतःच दाबून ठेवले होते. गाडी थांबली तरी त्याने ते काढले नव्हते.

शेवटच्या डब्यात वहिनी आणि तिचा धाकटा दीर होता. वहिनी म्हणजे भाऊची बायको. तिकीट खिडकीत अडतीस वर्षं बसली, त्यामुळे सगळ्या पार्काची वहिनी झालेली. इतक्या वर्षांत ती या गाडीत एकदाही बसली नव्हती. आज वजन भरायला दोन माणसं कमी पडली म्हणून तिला खिडकीतून उठवून आणलं होतं. दिराचं चष्म्यांचं दुकान होतं आणि घरात त्याला दुसरं नावच नव्हतं. चष्मेवाला.

या दोघांचं आधीच ठरलं होतं. मागच्या आठवड्यात वहिनी नंबर तपासायला दुकानात गेली, तेव्हा तो तिच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलता बदलता म्हणाला होता, "किती दिवस ओढणार, वहिनी? मानाने निरोप देऊ. एक डबा आपल्या अंगणात ठेवू, मुलं खेळतील." वहिनी म्हणाली होती, "भावजी, मला काय, ह्यांची त्या दांड्यातून सुटका झाली की झालं. आणि आता पोरीने तिथे बसावं असं मला मुळीच वाटत नाही." तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायची राहूनच गेली होती.

आता चष्मेवाला गप्प होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. धंद्यामुळे ही म्हण तो दुकानात उच्चारत नसे, पण आज तीच आठवली. त्याला काही बोलावंही लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसलं की गाडी उतरणार होती, कोणाशी वाईटपणा न घेता. पन्नास वर्षं तो म्हणत आला होता, आप्पांना तीन मुलं नव्हती, एकच होतं आणि ते लाकडाचं होतं.

वेळ जात नव्हता म्हणून तो मागच्या उताराकडे बघत बसला. उताराच्या कडेने रांगेत तपकिरी खांब, त्यातल्या एकावर पांढरा पट्टा. दुपारचं ऊन तिरकं पडलं होतं. नऊ वर्षांचा असताना आप्पांनी त्याला फलाटावर उभं केलं होतं. "गाडी पट्ट्यापाशी आली की ओरड," म्हणाले. गाडी आली, गेली, तो ओरडला नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्याला पट्टा दिसतच नव्हता. त्याला वाटलं आता मार बसणार. आप्पांनी फलाटाचं दार लावलं, भर हंगामात, रांगेतल्या माणसांना हात जोडून परत पाठवलं आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पहिल्यांदा चष्मा लावून परत आला तेव्हा त्याने सगळ्यात आधी तो पट्टा पाहिला होता.

अर्धा दिवस थोरली बंद ठेवली होती त्यांनी. माझ्यासाठी. हे मी कोणाला कधी सांगितलंच नाही, त्याला वाटलं, उलटंच सांगत आलो.

त्याने चष्मा पुसला, परत लावला, आणि मग नीट बघितलं. पट्ट्याच्या खांबाच्या खाली, गाडीच्या बाजूला, दुसऱ्या खांबाचा तपकिरी रंग मधेच फुगल्यासारखा होता. वीतभर रुंद. वरखाली सरळ कडा.

"पट्टा चुकीच्या खांबावर आहे," चष्मेवाला म्हणाला.

वहिनीने त्याच्याकडे झटकन पाहिलं.

"काय?" लिफ्टवाली वळली.

"तो दोन खांब खाली बघ. तिथला रंग जाड आहे. आप्पांच्या वेळेपासून दर वर्षी पांढऱ्यावर पांढरा बसत गेलेला. वरून कोणीतरी तपकिरी फिरवलाय." त्याने बाईंना हाक मारली. "बाई, जरा खाली उतरता का? खोटं असेल तर माझं दुकान बंद करा."

रुळांच्या कडेने लाकडी पायवाट होती. दोघं हळूहळू वर गेले. चष्मेवाल्याने खिशातल्या किल्लीने खांब खरवडला. तपकिरी पापुद्रा निघाला आणि खाली पांढरा दिसला, त्याखाली जरा पिवळट पांढरा, त्याखाली आणखी एक. बाईंनी बोटाने थर चाचपले आणि वर पट्ट्याचा खांब पाहिला. तिथे किल्ली लावली तर पांढऱ्याखाली लगेच तपकिरी निघाला.

"दोन खांब अलीकडे दाबला तर गाडी टेकडी चढणारच नाही," लिफ्टवाली जागेवरूनच म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "दोन महिने मी बाबांबरोबर कानानेच दाबत होते. चाकांचा आवाज जड झाला की दाब, म्हणायचे. एकदाही थांबली नाही. मी विचारलं पण होतं, बाबा, तुम्ही पट्टा ओलांडून मग दाबता? तर म्हणाले, मी पट्टा बघतच नाही. आज मी नियमाने वागायला गेले."

बाई परत आल्या. "मग हा पट्टा हलवला कोणी?"

धाकटीचं उत्तर तयार होतं. तिला सगळं ठाऊक नव्हतं, पण घरातलं काहीतरी आहे एवढं तिने वहिनीच्या खाली गेलेल्या मानेवरून ओळखलं. "मधे एक बाहेरचा रंगारी होता," ती म्हणाली. "फार गचाळ काम. आता तो कुठे गेला कोण जाणे."

बाईंनी पेन टेकवलं.

"बाहेरचा कोणी नव्हता, वन्सं," वहिनी म्हणाली. "मी होते."

ती पुढे बोलत राहिली. आपले हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"सोळा वर्षं झाली. ह्यांच्या छातीत दुखलं होतं ना, तेव्हा. चाळीस दिवस घरी काढले आणि एकेचाळिसाव्या दिवशी म्हणतात, मी निघालो. माझं कोण ऐकतंय. खांब आपण घरचेच रंगवायचो ना, त्या वर्षी ती बाजू माझ्याकडे होती. मला वाटलं, पट्टा जरा वर घेतला तर हे आधी दाबतील, गाडी सावकाश येईल, धक्के कमी बसतील. घेतला दोन खांब वर. जुना झाकून टाकला. आणि मग सोळा वर्षं खिडकीत बसून रोज बघायचे, गाडी नीट आली की मनात म्हणायचे, माझ्यामुळे आली." तिने डोळे पुसले. "मला काय माहीत हे बघतच नाहीत म्हणून."

"काय म्हणतेय ती?" भाऊने मुलीला विचारलं. पाठीमागून आलेलं बोलणं त्याला आता ऐकू येत नसे.

लिफ्टवाली त्याच्या कानाशी वाकली आणि सगळ्या पार्काला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई म्हणते, पट्टा तिने सरकवला. सोळा वर्षांपूर्वी."

"ते माहीत आहे मला," भाऊ म्हणाला.

वहिनी उभीच राहिली. डबा हलला.

"बस, बस खाली," चष्मेवाला म्हणाला. वहिनीला त्याने आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"माहीत होतं? आणि एका शब्दाने बोलला नाहीत?" ती ओरडली.

भाऊने मांडीखालचे हात काढले. मुंग्या आल्या होत्या, ते एकमेकांवर चोळत तो मागे वळला. "पहिल्याच दिवशी दिसलं. मी बघत नाही म्हणतो ते दाबायसाठी. तसं दिसतं ना. आणि त्या वर्षी तुझ्या कोपरापर्यंत पांढरा रंग होता, आठ दिवस निघत नव्हता. बाकी सगळे खांब तपकिरी असताना."

"मग दुरुस्त का नाही केलात?"

"करणार होतो. ब्रश घेऊन गेलोही होतो." तो थांबला. त्याला असं बोलायची सवय नव्हती आणि इतक्या माणसांत तर नाहीच. "मग वाटलं, राहू दे. दिवसाला तीस फेऱ्या. दर फेरीला तो पट्टा यायचा, नको तिथे. दर फेरीला मला कळायचं, खिडकीत बसलेलं माणूस म्हणतंय, सावकाश. असं सोळा वर्षं कोणाला कोण सांगतं? मला बरं वाटायचं. माझ्यासाठी आप्पांचा नियम मोडला होता कोणीतरी."

धाकटीने काठी जरा आपटली.

"बाबा, पण मला सांगायचं होतंत," लिफ्टवाली म्हणाली. ती रागावली होती आणि रडतही होती. "आज सकाळी तरी."

"सांगितलं असतं तर हिचं नाव निघालं असतं."

"आणि मी नापास झाले असते तर?"

भाऊने मान खाली घातली. "ते कळायला हवं होतं मला. तू पट्ट्याशी दांडा दाबलास तेव्हा कळलं, पण तेव्हा बोलायची सोय नव्हती. चुकलो मी, पोरी."

तिने दांड्यावरचा हात काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. दांडा दोन महिन्यांत तिच्या तळव्याला जिथे लागला होता, तिथेच त्याच्या तळव्याला जुना घट्टा होता.

"तुम्हा दोघांच्या संसारापायी मी इथे पाऊण तास लोंबकळतेय," धाकटी म्हणाली. "बाई, तुमच्या कागदात याला काही जागा आहे का?"

तपासनीस बाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं, आणि आपण ऐकलंच नाही असा चेहरा करायचा त्यांचा प्रयत्न फारसा जमला नव्हता. "कारण: खूण मूळ जागेवरून हललेली," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "कोणी हलवली, याचा रकाना नाही." मग पेनाला टोपण लावलं. "दांडा जिथे दाबला तिथे गाडी आवरली, पूर्ण वजनाने. ब्रेकबद्दल माझी तक्रार नाही. खूण जागेवर आणा, रंग वाळला की पुन्हा एक फेरी. ती टेकडी चढली तर बघू."

चरखी करकरू लागली आणि थोरली हळूहळू फलाटाकडे निघाली.

रंगाचा डबा वहिनीनेच मागितला. तिच्याबरोबर चष्मेवाला गेला, डबा धरायला आणि कडा सरळ येताहेत का बघायला.

"मी गप्प बसलो असतो तर आपलं काम झालं असतं," पायवाटेवर तो म्हणाला.

"मग का बोललात?"

"याच पट्ट्यामुळे मला चष्मा लागला, वहिनी. आणि चष्म्यामुळे दुकान. माझ्या घरातली प्रत्येक वस्तू या खांबावरून आली आहे, आणि मी डबा अंगणात ठेवायला निघालो होतो." त्याने रंगाचा डबा दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही आता कोणाच्या बाजूला?"

वहिनीने जुन्या खांबावर ब्रश टेकवला. "मला वाटत होतं ह्यांना मी सांभाळतेय. माझा पट्टा तर नुसता शोभेचा निघाला. दुखणं होऊन गेलेल्या माणसाला सोळा वर्षं रोज तीस वेळा सुखरूप आणून सोडलं ते कोणी? या थोरलीनेच ना." तिने तपकिरी कडेला बोट लावून पुसलं. "मी हिला सवत समजत होते, भावजी. कधी साधं बरं म्हटलं नाही."

वरचा पट्टा झाकायची वेळ आली तेव्हा भाऊ पायवाटेवरून वर आला. "तो राहू दे ना," तो म्हणाला.

"एका उतारावर दोन खुणा चालणार नाहीत," तपासनीस बाई खालून म्हणाल्या. त्याला ऐकू आलं नाही, म्हणून चष्मेवाल्याने दोन बोटं दाखवून मान हलवली. भाऊला कळलं. त्याने वहिनीच्या हातून तपकिरी ब्रश घेतला आणि तो पट्टा स्वतः झाकला, वरपासून खालपर्यंत, घाई न करता.

दुसऱ्या फेरीला बाईंनी सगळ्यांच्या जागा बदलल्या. लिफ्टवालीच्या शेजारी त्या स्वतः बसल्या. धाकटी आणि चष्मेवाला मागे गेले. भाऊला पहिल्या डब्यात बसवलं, उतारूंच्या जागी, जिथे तो लहानपणानंतर कधी बसला नव्हता. वहिनी त्याच्या शेजारी.

"धरू कुठे?" वहिनीने विचारलं.

"समोरची दांडी. घट्ट नको धरूस, नुसती."

गाडी साखळीवरून वर चढली. पहिला उतार, वळण, मधली टेकडी. मागे चष्मेवाला नको तितक्या मोठ्याने हसत होता आणि धाकटी त्याला गप्प बस म्हणत होती, पण तीही हसत होती. भाऊला यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्याला तोंडावर वारा लागत होता. मधल्या डब्यात ब्रेकवाल्याला वारा लागत नाही, पुढचे उतारू तो अडवतात. इतकी वर्षं माणसं उतरताना का खूश असतात हे त्याला नुसतं ठाऊक होतं.

मग मोठा उतार आला. तपकिरी खांब एकामागून एक जवळ येऊ लागले. पट्टा झाकलेला खांब आता बाकीच्यांसारखाच होता, रंग थोडा ओला एवढंच. तो शेजारून गेला, आणि नेमका त्याच क्षणी वहिनीने दांडीवरचा हात उचलून भाऊच्या गुडघ्यावर दाबला.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आपला हात तिच्या हातावर ठेवला.

दोन खांब पुढे, नव्या पांढऱ्या पट्ट्याशी, त्यांच्या मुलीने दांडा दाबला. थोरली खोलगटात उतरली, शेवटच्या टेकडीवर चढली, माथ्यावर घटकाभर विचार केल्यासारखी रेंगाळली आणि पलीकडे फलाटात येऊन थांबली.

बाईंनी कागदावर सही केली आणि काहीतरी म्हणाल्या. लिफ्टवालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भाऊने प्रश्नार्थक मान वळवली, तेव्हा चष्मेवाल्याने मागच्या डब्यातून एक बोट वर केलं आणि सावकाश, ओठ वाचता येतील असं म्हणाला, "एक हंगाम. मग पुन्हा बघणार."

"एक," भाऊ म्हणाला. त्याने डब्याच्या कडेवरून, आप्पांनी घासून गोल केलेल्या लाकडावरून, हात फिरवला. "पुष्कळ आहे."

वहिनी अजून बसलीच होती. फलाटावर मिस्त्रीने उतरायला हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही पोती उतरवून घ्या. आम्ही आणखी एकदा जाऊन येतो."